एकोणीस गुणांचा पलंग

३ मार्च

आज सकाळी पावणेअकराला माझं आयुष्य फिरलं. वेळ लिहून ठेवतो, पुढं शंका नको.

आजोबांची चाकांची खुर्ची परत करायला गेलो होतो. आजोबांना जाऊन महिना झाला, खुर्ची तेव्हापासून जिन्याखाली. बाबा रोज तिला ठेचकाळायचे आणि मला म्हणायचे, "कॉलेज सोडलंस तसं निदान हिलाही कुठंतरी सोडून ये." गेलो. एका बंद छापखान्याची शेड. आत लोखंडी पलंग, खुर्च्या, कुबड्या, हवेच्या गाद्या – सगळं नंबर टाकून रांगेत. आजारी माणसाला घरी वापरायला देतात. बरं झालं, किंवा आमच्या आजोबांसारखं झालं, की परत.

टेबलाशी एक मुलगी. गळ्यात मोजपट्टी, शिंप्यासारखी.

मी विचारलं, "भाडं किती झालं?"

"भाडं नसतं."

"मग अनामत परत द्या."

"अनामत घेतलीच नव्हती."

"अहो, मग तुमचं चालतं कशावर?"

"लोक परत आणून देतात त्यावर. डावा ब्रेक ढिला झालाय. ते तुम्ही सांगितलं नाहीत."

खुर्चीकडे तिनं धड पाहिलंही नव्हतं. मी खांबासारखा उभा. मग तोंडातून गेलं – माणसं हवीत का? ती म्हणाली, टेम्पो चालवता येतो का. येतो! आयुष्यात तेवढं एकच धड येतं.

५ मार्च

बाबांना सांगितलं. बाबांचा धंदा शिड्या, परांचीचे पाइप आणि मिक्सर भाड्यानं देण्याचा. म्हणाले, "वस्तू द्यायची आणि भाडं घ्यायचं नाही, याला धंदा म्हणत नाहीत, विसरभोळेपणा म्हणतात."

"धंदा नाहीच आहे. संस्था आहे."

"मालक कोण?"

"मालक नसतो. सात विश्वस्त आहेत. त्यांना पगारही नाही."

"वर्षाअखेर उरलं तर कुणाच्या खिशात?"

"कुणाच्याच नाही. नवे पलंग येतात."

"आणि बंद पडली तर?"

"सामान दुसऱ्या तसल्याच संस्थेला."

बाबा विचारात पडले. "म्हणजे बुडाली तरी कुणाचं बुडत नाही. मग झोप कुणाची उडते?"

आतून आई म्हणाली, "ह्याची. नऊला उठणारा आज सहाला उठलाय. मुलगी कोण आहे ते विचारा आधी."

११ मार्च

फुकटचं काम म्हणजे ढिलं काम असं वाटलं होतं. नाक कापलं गेलं. पलंगाचा एक बोल्ट कमी लावला म्हणून मिस्त्रीनं पूर्ण पलंग माझ्याकडून पुन्हा खोलून घेतला. मिस्त्री म्हणजे दुरुस्तीवाला, पगारी. मोजपट्टीही पगारी (तिला मनात मी हेच म्हणतो). अध्यक्ष मात्र बिनपगारी – चाळीस वर्षं इस्पितळात काढलेल्या, सगळे त्यांना मेट्रनच म्हणतात. पलंगावर धूळ दिसली की पेशंट दगावल्यासारखा चेहरा करतात.

आज मोजपट्टीबरोबर पहिल्यांदा एका घरी गेलो. तिचं काम हे – घरी जायचं, दार मोजायचं, जिन्याचं वळण मोजायचं, माणूस बघायचा आणि गुण द्यायचे. एकटा राहतो का, कूस बदलता येते का, पाठीला जखम आहे का. वीसपैकी जितके गुण जास्त, तितका नंबर वर. आधी कोण आला, कुणाची ओळख, कोण किती देतो – काही चालत नाही. बाबांच्या दुकानात नेमक्या ह्याच तीन गोष्टी चालतात.

ते घर बेकरीवाल्याचं. माळ्यावरून पडला, कमरेखाली सगळं गेलं. बायको दर दोन तासांनी त्याला उलटवते, एकटी. "आयुष्यभर पाव दोन्हीकडून भाजले," म्हणाला, "आता बायको मला उलटवून उलटवून भाजते." मोजपट्टीनं दार मोजलं, वळण मोजलं. पाठ पाहिली तेव्हा पट्टी लावली नाही, नुसता आकडा लिहिला. एकोणीस.

"शाळेत कधी मिळाले नव्हते एवढे," तो म्हणाला.

पलंग सतरा, मोटरवाला, हवेच्या गादीचा, पुढच्या आठवड्यात परत येतोय. तो ह्यालाच.

परतताना टेम्पोत मी विचारलं, कुणाला कधी गुण वाढवून दिलेत? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एकदा दिले की मागचे सगळे खोटे होतात."

तिच्या कपाळावर घाम होता. मी रस्त्याऐवजी तो बघत होतो. एक सायकलवाला माझ्या सात पिढ्या उद्धरून गेला.

१२ मार्च

तिचे वडील कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. शिंपी होते. गळ्यातली पट्टी त्यांचीच.

१९ मार्च

ते काल इस्पितळातून घरी आले. घर म्हणजे दीड खोली, जमिनीवर अंथरूण. ती एकटी उचलते त्यांना. मी मदतीला गेलो तर दारातच म्हणाली, "नको. तुमच्या पाठीला सवय नाही." तिच्या पाठीला कुठं आहे?

तिनं अर्ज केला. आज विश्वस्तांची बैठक होती. आपल्या माणसाचा अर्ज निघाला की ज्याचा त्यानं खोलीबाहेर जायचं, ही इथली पद्धत. विश्वस्त असो, शिपाई असो. "अमुक बाहेर गेल्या" असं इतिवृत्तात लिहितात, वेळेसकट. ती बाहेर बाकावर बसली, हात मांडीत. मी शेजारी.

तिच्या घरी मोजायला मेट्रन स्वतः जाऊन आल्या होत्या. गुण चौदा. यादीत चौथा.

चौदा!

मी आत घुसलो. म्हणालो, ही दिवसभर तुमच्यासाठी राबते आणि तिचाच बाप जमिनीवर? मेट्रन म्हणाल्या, "ती राबते म्हणूनच. तिला नंबर सोडून दिला तर उद्या कुणीही बोट दाखवील. आपल्या माणसांच्या पदरात टाकायला लागलो की ही संस्था उरत नाही, आपलं घरगुती मंडळ होतं. आणि तुम्ही पुढच्या वेळी दार वाजवा."

माझ्या डोक्यात राख. कॉलेजात अशीच एकदा घातली होती. परीक्षानळी भिंतीवर फोडली आणि जो निघालो तो परत गेलोच नाही.

२० मार्च

बाबांना सगळं सांगितलं. रडलो असेन थोडा. बाबांनी पाकीट घेतलं आणि माझ्याबरोबर शेडवर आले. मेट्रनपुढे ठेवलं. "देणगी. त्या शिंप्याचे चौदाचे वीस करा."

मेट्रन म्हणाल्या, "देणगी घेईन. यादी तीच राहील."

"मग मला काय मिळालं?"

"पावती."

बाबांनी पाकीट पुन्हा खिशात घातलं. टेम्पोपाशी येऊन म्हणाले, "बाई खमकी आहे. माझ्याकडे असती तर मिक्सर दुप्पट झाले असते." आणि वर – "तुझ्या त्या मुलीला आपल्याकडे कामाला घे. माझ्या माणसाच्या बापाला मी पलंग आणतो नाहीतर पालखी, मला विचारणारा कोण? मी मालक आहे."

तिला विचारलं. "नको," म्हणाली. "तुमच्या बाबांना सांगा, मनापासून आभार." एवढंच. मला दोन्हीकडून मार.

२१ मार्च

केलं.

पलंग सतरा आज दुपारी एका घरून परत घेतला. टेम्पोत मी एकटाच. डावीकडे वळलं की बेकरीवाला, उजवीकडे ती. उजवीकडे वळलो. वहीत सतरासमोर लिहिलं – "दुरुस्तीला". तिला सांगितलं, मेट्रननी पुन्हा विचार केला, मंजूर झालं; बेकरीवाल्याला दुसरा मोटरवाला मिळतोय. ती माझ्याकडे बघत राहिली. "खरंच?" मी म्हणालो, खरंच. तिनं पावतीवर सही केली. मी ती पावती माझ्या खिशात घातली.

बटण दाबलं. तिचे वडील हळूहळू उठून बसते झाले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग ती रडली.



२२ मार्च

आज ती मला "तू" म्हणाली. "तू चहा घेतलास का?" दिवसभर तेच वाक्य घोळवतोय.

२८ मार्च

बेकरीवाल्याची बायको रोज अकराला फोन करते. फोन मी घेतो, दुसऱ्या कुणाला घेऊ देत नाही. "आला का पलंग?" मी सांगतो, मोटर बिघडलीय. आज म्हणाली, "दादा, तेवढं बघा. मला आता ह्यांना उलटवता येत नाही, माझाच खांदा गेलाय." मी म्हणालो, बघतो.

संध्याकाळी मोजपट्टीच्या घरी गेलो. वडिलांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडेचनात. ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. अकराचा फोन तेवढा वेळ विसरलो. पूर्ण नाही.

२ एप्रिल

बेकरीवाला इस्पितळात. जखम चिघळली. ताप.

जेवलो नाही. आई म्हणाली, भांडलात का? मी म्हणालो, नाही, उलट. उलट म्हणजे काय ते तिला कळलं नाही. मलाही.

५ एप्रिल

तो घरी आला परत. जगेल म्हणतात. मी टेम्पोत बसून स्टिअरिंगवर डोकं ठेवलं तर हॉर्न वाजला, मिस्त्री बाहेर आला. बघून आत गेला.

७ एप्रिल

सतरा नंबरचा पलंग दोघा बहिणींनी आईच्या आठवणीसाठी दिलेला आहे. त्यावर छोटी पितळी पट्टी आहे. त्या बहिणी बारा तारखेला बघायला येणार – कुणाच्या उपयोगी पडतोय ते. तेवढा हक्क देणाऱ्याचा असतो. कुणाला द्यायचा ते सांगण्याचा मात्र नाही.

मेट्रन म्हणाल्या, "मिस्त्री, सतरा तयार ठेवा. बेकरीवाल्याला किती दिवस नाही म्हणायचं? बाई रडकुंडीला आलीय."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. "करतो," म्हणाला.

मागे गेल्यावर पाना हातात तसाच ठेवून म्हणाला, "सतरा माझ्याकडे आलाच नाही. तीन दिवस देतो तुला. चौथ्या दिवशी माझं तोंड माझं ऐकणार नाही."

८ एप्रिल

टेम्पो घेऊन पळून जावं. कुठं? डिझेलला पैसे बाबांकडेच मागावे लागतील.

९ एप्रिल

तिला कळलं. मी सांगायच्या आधीच.

वही तिच्याकडे गेली होती, बहिणींसाठी नोंदी काढायला. सतरापुढं माझं अक्षर – दुरुस्तीला. ती मागच्या गल्लीत आली, टेम्पो धूत होतो तिथं. नळ बंद केला तिनं.

"मेट्रन काय म्हणाल्या होत्या तुला? शब्दाला शब्द सांग."

मी फडका पिळत राहिलो.

"बेकरीवाल्याला एकोणीस मी दिले होते," ती म्हणाली. "मी दिले होते, आणि त्याचा पलंग माझ्या घरी आहे. लोकांनी काय समजायचं?"

मी म्हणालो, मी सगळं तुझ्यासाठी –

"माझ्यासाठी? मी आता कुणाच्या घरी पट्टी घेऊन जाऊ? माझ्या आकड्यावर कोण विश्वास ठेवील? तुमच्या दुकानात शिड्या असतात. इथं शेडमध्ये आहे ते लोखंड, ते कुणीही देईल. मी सांगते तो आकडा खरा असतो, एवढंच इथं होतं."

मी म्हणालो, तुझे वडील बसते झाले ते तरी खोटं नाही ना?

तिनं तोंड फिरवलं. तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. वर म्हणालो, माझं प्रेम आहे तुझ्यावर! असल्या वेळी! हातात ओला फडका.

"अहो," ती म्हणाली. पुन्हा अहो. "नळ सुरू करा, साबण वाळेल."

१० एप्रिल

विश्वस्तांची बैठक उद्या, तातडीची. ती तिनंच मागून घेतली.

बाबा म्हणतात, "कबूल करू नकोस. चुकून गेला म्हण. आमच्याकडे दोन शिड्या दर महिन्याला चुकून जातात." मी म्हणालो, तुमची शिडी चुकली तर तुमचं नुकसान. इथं कुणाचं झालं ते बघायला या. बाबा वर्तमानपत्र उघडून बसले. उलटं धरलं होतं.

११ एप्रिल

सगळं लिहितो, हातासरशी.

ती आत गेली. दार लागलं. मी आणि मिस्त्री बाहेर बाकावर. आतून तिचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मिस्त्री म्हणाला, "नाव घेत नसेल ती तुझं. तसली नाही." मला ते आधीच माहीत होतं, म्हणूनच बसवेना.

दार वाजवलं. मेट्रन म्हणाल्या, "या. आज वाजवलंत."

सात माणसं, एक ती. तिनं खरंच नाव घेतलं नव्हतं. पलंग माझ्या घरी आहे, सही माझी आहे, एवढंच सांगितलं होतं. मी खिशातून पावती काढून टेबलावर ठेवली. वही मी लिहिली, खोटं मी बोललो, फोन मी घेतले. बेकरीवाल्याच्या बायकोला मोटरचं मी सांगितलं. हिला काही माहीत नव्हतं.

एक विश्वस्त म्हणाले, "तक्रार वर गेली तर करसवलतीचं प्रमाणपत्रच जाईल. बहिणींना काय सांगायचं?"

मेट्रन म्हणाल्या, "झालं ते. दुसरं काही आहे का आपल्याकडे सांगायला?"

मग निर्णय. मी उद्यापासून नाही. तिच्या वडिलांचे चौदा तसेच, चौथा नंबर तसाच – चूक माझी, त्यांचे गुण का कापायचे? आणि ती. तिच्यावर ठपका नाही. पण गेल्या वर्षभरात तिनं मोजलेली सगळी घरं दुसऱ्या माणसानं पुन्हा मोजायची. साठ घरं. लोकांना दिसायला हवं म्हणून तिनं बरोबर जायचं आणि दाराबाहेर उभं राहायचं.

मी म्हणालो, हे तर ठपक्यापेक्षा वाईट! हिनं काय केलंय?

"हे मीच सुचवलंय," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मेट्रन तिला म्हणाल्या, पलंग आठ दिवस राहू दे, तोवर काही बघू. ती म्हणाली, "नको. परवा."

१३ एप्रिल

पलंग आणायला मीच गेलो. शेवटचं काम म्हणून मागून घेतलं. मिस्त्री बरोबर.

तिनं खाली अंथरूण आधीच घातलं होतं. वडिलांना कळत होतं. त्यांनी डाव्या हातानं कठडा धरला. ती वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. सोडेनात. मग तिनं त्यांची बोटं एकेक करून सोडवली. पाच बोटांना किती वेळ लागतो ते मला विचारा.

मी बोल्ट काढत होतो. एक हातातून निसटला, कपाटाखाली गेला. तिनं गुडघ्यावर बसून तो शोधला आणि माझ्या हातावर ठेवला. तळहाताला तिचं बोट लागलं नाही.

पलंग आज शेडवर. मिस्त्रीनं मोटर तपासली, गादी धुतली, पितळी पट्टी पुसली. उद्या सकाळी मीच पोचवायचा. बहिणी काल आल्या नाहीत; मेट्रननी त्यांना आधीच फोनवर सगळं सांगितलंय. पलीकडून त्या काय म्हणाल्या ते मेट्रननी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

१४ एप्रिल

पलंग बेकरीवाल्याकडे जोडला. गादी फुगली, मोटर चालली, तो वर आला. त्याची बायको म्हणायला लागली, "दादा, तुमचे उपकार –" आणि मला ऐकवेना. सांगून टाकलं. हा पलंग चोवीस दिवसांपूर्वीच तुमचा होता. मोटर कधी बिघडलीच नव्हती. मी दुसरीकडे नेला.

ती मटकन खाली बसली. तो शिव्या देईल, काही फेकून मारील – मी तयार होतो. त्याच्या पाठीवरच्या मलमपट्ट्या दिसत होत्या.

"कुणाकडे नेलास?"

"एका आजारी माणसाकडे."

"मग तो आता कशावर निजलाय?"

मी खाली बोट दाखवलं.

तो बायकोला म्हणाला, "कोपऱ्यातला तो टेकू दे ह्याच्याकडे." पावाचे जुने लाकडी ट्रे एकावर एक ठोकून, वर कापड शिवून केलेला, पाठ टेकून बसवायचा टेकू. इतके दिवस तो त्यालाच टेकून बसायचा. "मला आता नको. त्याला बसव ह्याला टेकवून. खिडकीकडे तोंड करून बसव, नाहीतर माणूस भिंत बघून वेडा होतो."

टेकू जड होता. मी तो दोन्ही हातांनी उचलला, उंबऱ्याबाहेर आलो आणि पायानं दार ओढून घेतलं.